चेटकिणीच्या आवाजात

सहकारनगरात बँकेचं काम होतं. परतताना रिक्षा मिळेना म्हणून चालत निघाले, आणि पाय आपोआप आतल्या गल्लीत वळले. गेलं वर्षभर मी ती गल्ली टाळत होते. मुख्य रस्त्यानं लांबचा वळसा घालून जायचे, आईनं विचारलं तर आतल्या रस्त्यावर खोदलंय म्हणून सांगायचे. त्या दिवशी मात्र वळले, आणि कोपऱ्यावरच धुळीचा वास आला. जुन्या चुन्याचा, ओल्या सिमेंटचा, भिंतीत वर्षानुवर्षं कोंडलेल्या हवेचा.

मुग्धाचा बंगला पाडत होते.

समोरून हिरवी जाळी लावली होती. दिवाणखान्याचं छप्पर आधीच गेलं होतं. गच्चीचा मागचा भाग अजून उभा होता, आणि त्यावर आमची पाण्याची टाकी. तिची एक भिंत कोसळली होती आणि आतलं पोट उघडं पडलं होतं. पाणी जिथे जिथे थांबलं तिथल्या रेघा, शेवाळाची हिरवी, त्याखाली काळी, मग गंजाची तांबूस. इतक्या वर्षांत मी ती टाकी आतून कधी उजेडात पाहिली नव्हती. मला ती फक्त आवाजानं माहीत होती.

"म्याडम, मागं व्हा. दगूड उडतोय," ब्रेकर चालवणारा माणूस म्हणाला. "तुमचं घर हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "मैत्रिणीचं होतं."

मैत्रीण हा शब्द उच्चारताना जीभ जरा अडखळली. त्याला ते कळायचं कारण नव्हतं. त्यानं परत ब्रेकर सुरू केला.

मे महिन्यात त्या गच्चीवर मुग्धाची आई कुरडया घालायची. गव्हाचा चीक शिजायचा तेव्हा सगळ्या जिन्यात एक आंबूस, ऊबदार वास भरून राहायचा. धुतलेल्या जुन्या धोतरावर पांढऱ्या जाळीदार कुरडयांच्या रांगा, आणि कावळे हाकलायला आम्ही दोघी. म्हणजे हाकलायला ठेवलेल्या. ऊन चढलं की आम्ही हळूच खाली सटकायचो. पडदे ओढलेल्या खोलीत कूलरच्या वाळ्याचा ओला वास असायचा, आणि टीव्हीखाली तो काळा व्हिडिओ प्लेअर. मुग्धाचे बाबा शनिवारी व्हिडिओ लायब्ररीतून कार्टूनच्या सिनेमाची एक कॅसेट आणायचे. इंग्रजी. आम्ही मराठी शाळेतल्या. त्या बोलण्यातला एक शब्द कळायचा नाही, आणि त्यानं आमचं काही अडायचंही नाही.

नायिकेची गाणी आम्ही पळवायचो. ती खिडकीत उभी राहायची, आभाळाकडे बघायची, खांद्यावर पक्षी येऊन बसायचे. तिला काहीतरी हवं असायचं, कुठेतरी जायचं असायचं, पण काय आणि कुठे ते तिचं तिलाही ठाऊक नसावं असा तिचा चेहरा. मुग्धा बटण दाबून धरायची आणि नायिका चिरक्या आवाजात पळत सुटायची. मग अंधार यायचा. हिरवा धूर, भिंतीवर वाढत जाणारी सावली, खाली कुठेतरी ढोलाचा ठेका, आणि ती यायची. चेटकीण, नाहीतर दुष्ट प्रधान, नाहीतर समुद्रातली ती अजस्र बाई. आम्ही सतरंजीवर पुढे सरकायचो.

त्यांना काय हवंय ते पक्कं माहीत असायचं. त्या गाण्यांची सगळी गंमत यात होती, हे मला आता कळतं. तेव्हा फक्त अंगावर काटा यायचा. हवंय ते राज्य, हवाय तो आवाज, हवंय दुसरीचं रूप. आणि हवंय म्हणताना कसली लाज नाही, कुणाची परवानगी नाही. आमच्या घरात हवंय म्हणायची पद्धत नव्हती. "चालेल" म्हणायची होती. लाडू हवाय का, तर "चालेल." आणि इथे ही बाई पांघरूण उडवल्यासारखी बाही उडवून, नखं नाचवत, गिरक्या घेत सांगत होती की मला सगळं हवंय. तिच्या पायाशी तिचे चाकर, भांडी, आरसे, झाडं, सगळं नाचत होतं. शेवटी ती मरणार हे आम्हाला ठाऊक असायचं. पण गाणं चालू असेपर्यंत तिच्याइतकं जिवंत त्या सिनेमात कुणी नसायचं.

तेवढा भाग आम्ही इतक्या वेळा मागे नेऊन बघायचो की कॅसेट तिथेच झिजायची. चित्र थरथरायचं, पडद्यावरून पांढऱ्या रेघा सरकायच्या, आणि चेटकिणीचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. लायब्ररीवाले काका कॅसेट परत घेताना म्हणायचे, "पोरींनो, बाकीचा सिनेमा नवाकोरा, आणि मधे एवढाच कसा मेला?"

टाकीचा शोध मुग्धानं लावला. टाकी धुवायचा दिवस होता. पाणी काढून टाकलेलं, लोखंडी झाकण बाजूला ठेवलेलं, आणि धुणारा माणूस खाली चहा घ्यायला गेलेला. मुग्धानं चौकोनी तोंडातून आत डोकं घातलं आणि चेटकिणीसारखी हसली. आतून जो आवाज आला तो दहा वर्षांच्या मुलीचा नव्हता. मोठा, ओला, खोल, कुठल्यातरी जुन्या बाईचा.

"तू घाल डोकं," ती म्हणाली. "आणि गा."

"काय गाऊ?"

"तुला काय हवंय ते."

मी आत वाकले. तिथे गार होतं, ओल्या सिमेंटचा वास होता, आणि इतका अंधार की आपले डोळे उघडे आहेत की मिटलेले हे कळू नये. दादाला नुकतीच नवी सायकल मिळाली होती आणि त्याची जुनी, वाकड्या हँडलची, मला. मी चेटकिणीच्या आवाजात म्हटलं, दादा नापास होवो, त्याची सायकल चोरीला जावो, आणि सगळे माझ्याकडे बघोत. टाकीनं ते घेतलं, फिरवलं, आणि दुप्पट करून परत दिलं. मी डोकं बाहेर काढलं तेव्हा ऊन डोळ्यांत घुसलं आणि मला फार हलकं वाटलं. एखादी उलटी होऊन गेल्यावर वाटतं तसं.

मग तो आमचा रिवाजच झाला. जे बोलायची सोय नाही ते टाकीवर जाऊन चेटकिणीच्या आवाजात गायचं. बोलायचे मी, यमकं जुळवायची ती. मी म्हणायचे, शिवणाच्या बाई माझं फडकं सगळ्यांना उंच धरून दाखवतात. आणि ती चुटकी वाजवत लगेच जुळवायची, बाईंच्या अंबाड्याला आग लागो, गाठ उसवो, दोरा मागो. तिचंही असायचं. तिला गाण्याच्या क्लासचा तिटकारा होता. आजीला ती हुशार वाटावी म्हणून ती पेटीपुढे बसून रडू गिळायची. हे तिच्या घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि टाकीला.

आमचा एकच नियम होता. तो तिनंच केला होता, झाकण लावताना, हाताला गंज लागलेला असताना. "टाकीवरचं टाकीत," ती म्हणाली होती. मीही म्हटलं होतं, "टाकीवरचं टाकीत." आणि आम्ही दोघींनी मिळून ते जड झाकण ओढून बसवलं होतं.

पावसाळ्यात टाकी भरलेली असायची, आवाज मऊ आणि जवळून यायचा. दिवाळीच्या आधी गच्चीला चुना फासला जायचा आणि आमच्या फ्रॉकना पांढरे डाग पडायचे. थंडीत सकाळी पर्वतीवरून धुकं उतरायचं, केसांतलं खोबरेल थिजलेलं असायचं, आणि तोंडातून वाफ काढत आम्ही गायचो तेव्हा खरोखरच सिनेमातल्या धुरासारखं दिसायचं. गल्लीच्या गणपतीत एकदा आम्ही आमचं गाणं बसवलं. मुग्धानं शब्द लिहिले, मी आईची काळी चंद्रकळा अंगाभोवती गुंडाळून चेटकीण झाले. समोरच्या खुर्च्यांवरच्या बायका हसता हसता पदर तोंडाला लावत होत्या. बक्षीस अर्थातच गुणी मुलीला मिळालं, भावगीत म्हणणाऱ्या. पण दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत जी ती बाई मला म्हणत होती, "काय गं चेटकिणी, बरी आहेस ना?" मी आठवडाभर जमिनीवर चालत नव्हते.

मग ते सगळं कसं संपलं ते आठवत नाही. एक दिवस टाकीवर न जाता खालीच बसून राहिलो असू. मुग्धा ॲनिमेशन शिकायला मुंबईला गेली, मग हैदराबादला. मी बी.कॉम. झाले, डेक्कनवरच्या एका कार्यालयात लागले. दादा बंगळूरला. आमच्या बिब्बेवाडीच्या घरात आई, बाबा आणि मी उरलो. आणि एका सकाळी दाढी करताना बाबांच्या हातातून ब्रश पडला, तो त्यांना परत उचलता आला नाही.

त्या वर्षांचाही एक वास आहे. अंगाला लावायच्या पावडरीचा, मेणकापडाचा, मऊ भाताच्या पेजेचा, उकळून ठेवलेल्या पाण्याचा. बाबांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एकच अक्षर उरलं होतं. "ए." पहाटे फटफटायच्या आत ते हाक मारायचे. "ए." कूस बदलायची असली तर "ए," तहान लागली तर "ए," आणि कधी काहीच नको असलं तरी, कुणीतरी आहे ना हे बघायला, "ए." आयुष्यभर आवाज न चढवणारा, मला मंडईत खांद्यावर बसवून नेणारा, पहिली पेरूची फोड मला देणारा माणूस. मी त्यांना चमच्यानं पेज भरवायचे, ओघळ टिपायचे, पुन्हा चमचा. आई त्यांचे पाय चोळायची. गुडघ्यांमुळे तिला बसल्यावर उठता यायचं नाही, मग मी तिला उठवायचे. आम्ही दोघी दिवसभर एकमेकींशी बोलायचो ते औषधांबद्दल, दुधाबद्दल. "आज जरा तरतरीत वाटतायत," ती म्हणायची. "हो ना," मी म्हणायचे. "बरे होतील." दादाचा रविवारी फोन यायचा. सगळे म्हणायचे, मुलगी असावी तर अशी.

मुग्धा त्या सुमाराला पुण्यात परत आली. बाणेरला तिच्या ओळखीतल्या कुणीतरी स्टुडिओ काढला होता, मुलांसाठी मराठीत ॲनिमेशनचा सिनेमा करायचं चाललं होतं. व्यायाम करून घेणारा माणूस बाबांकडे यायचा तेवढा वेळ मला मोकळा असायचा. तेव्हा आम्ही तळजाईच्या टेकडीवर जायचो. तिथली लाल माती, चालायला आलेल्या आजोबांचे पांढरे बूट, झाडीतून मधेच मोराची केकावली. एका संध्याकाळी आम्ही एका दगडावर बसलो होतो. तिनं विचारलं, कशी आहेस, आणि मी नेहमीप्रमाणे म्हटलं, चाललंय.

"हे नको," ती म्हणाली. "खरं सांग."

"खरं सांगण्यासारखं नाहीये गं."

"मग चेटकिणीच्या आवाजात सांग." तिनं माझा हात धरला होता. "टाकीवरचं टाकीत."

किती वर्षांनी ते शब्द ऐकले. मी हसले. मग मी ते म्हटलं. चेटकिणीचा आवाज दोन शब्दांपुरता टिकला, पुढे माझाच होता. मी म्हटलं, "मला एक सकाळ हवीय. हाक नसलेली. नुसती उन्हात बसलेय, हातात चमचा नाही, पेला नाही, कुणी ए म्हणत नाहीये. आणि तशी सकाळ कधी येईल ते मला माहितीये. आणि तरी मला ती हवीय, मुग्धा. कधी कधी वाटतं, समईतलं तेल संपावं एकदाचं."

ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. अंधार पडायला लागला तशी शिट्टी मारत रखवालदार आला, आणि आम्ही उतरलो. त्या रात्री मला शांत झोप लागली. एक माणूस तरी आपल्याला आतून ओळखतं आणि तरी आपला हात धरतं, यासारखं दुसरं औषध नसतं.

बाबा त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेले. मुग्धा भेटायला आली होती. दारातच मला मिठी मारून कानाशी म्हणाली, "दमली होतीस." एवढंच. मला वाटलं, हिला सगळं कळतं.

सिनेमा लागला तो गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत. मुग्धाचा फोन आला. गाणी तिनं लिहिली होती, पटकथेतही तिचा हात होता. "सईला घेऊन जा," ती म्हणाली. सई म्हणजे दादाची मुलगी, सात वर्षांची, सुट्टीला आमच्याकडे आली होती. "चेटकिणीचं गाणं बघ हं. तुला आपली टाकी आठवेल."

सातारा रस्त्यावरच्या मॉलमध्ये सकाळचा खेळ. पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास, मुलांची कलकल, सईचे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. गोष्ट साधी होती. एक म्हातारा राजा अंथरुणाला खिळलेला, त्याची सेवा करणारी एक बाई, आणि राजाला बरं करायला मधाच्या शोधात निघालेला एक धीट मुलगा. सेवा करणारी बाईच आतून चेटकीण आहे, हे मध्यंतराच्या आधी कळतं. दिवे मंदावले, हिरवा धूर आला. मी खुर्चीत पुढे सरकले. तो जुना काटा अंगावर आला, खोटं कशाला बोलू. चेटकिणीनं चांदीचा चमचा हवेत फेकला, तो फिरता फिरता शंभर चमचे झाला, आणि ती गायला लागली.

एक सकाळ द्या मला हो, हाक नसलेली,
चमच्याविना, पेल्याविना, उन्हात बसलेली.
विझू दे ही समई आता, तेल संपू दे,
माझ्या घरी माझा दिवस मला उजाडू दे.

पलंगावरचा राजा मधेच "ए!" म्हणायचा, ढोलाच्या ठेक्यावर. चेटकीण डोळे फिरवायची. प्रत्येक "ए"ला सगळं थिएटर खदखदून हसत होतं. मागच्या रांगेतला एक बाप तर दुसऱ्या कडव्यापासून मुलांबरोबर ओरडायला लागला, "ए!" सईनं माझा दंड घट्ट पकडला. "आत्या, ही कसली भारी आहे," ती म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. मी तिच्या वयाची असते तर माझेही चमकले असते. गाणं उत्तम होतं. मला ते आजही म्हणायला हवं. चाल, ठेका, सावल्या, सगळं. त्यातलं प्रत्येक अक्षर माझं होतं, आणि ते "ए" माझ्या वडिलांचं.

शेवटी मुलगा मध घेऊन येतो, राजा उठून बसतो, आणि चेटकीण दगड होते. पायांपासून वर, हळूहळू. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सईनंही.

त्या सुट्टीत आमच्या घरात ते गाणं सारखं चालू होतं. सई आंघोळीला जाताना म्हणायची, फराळाला बसताना म्हणायची, चमचा घेऊन दिवाणखान्यात गिरक्या घ्यायची. ज्या खोलीत बाबांचा पलंग होता, तिथे. "ए!" ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. मी स्वयंपाकघरात चकलीच्या सोऱ्यावर मान खाली घालून उभी राहायचे. आई कोचावर बसून नातीकडे बघायची.

भाऊबीज झाल्यावर मी मुग्धाकडे गेले. ती त्याच बंगल्यात होती, सामानाची खोकी बांधत. बिल्डरशी बोलणं झालं होतं.

"आवडलं?" तिनं दारातच विचारलं.

"तुला काय वाटतं?"

तिनं माझ्याकडे बघितलं आणि हातातली चिकटपट्टी खाली ठेवली. "बस ना."

"बसायला नाही आले. तू माझं बोलणं घेतलंस, मुग्धा."

"तुझं नाव कुठे घेतलंय मी?"

"बाबांचं तर घेतलंस. ए."

खाली ठेवलेली चिकटपट्टी तिनं पुन्हा उचलली. मग म्हणाली, "अगं, ते सगळ्यांच्याच मनात असतं. माणसं करून करून थकतात, त्यांना कुणीतरी हे म्हणायला हवं होतं. पहिल्या खेळाला बायका रडल्या. माझ्यापाशी येऊन रडल्या."

"त्या रडल्या. बाकीचं थिएटर हसलं. माझी भाची हसली."

"गाणं आहे ते. खलनायिकेचं. हसणारच ना मुलं."

"खलनायिका कोण, ते ठरवलंस ना पण तू. चमचा धरणारी बाई. तिला दगड केलंस, आणि वर टाळ्या."

"तो शेवट माझा नाहीये. निर्मात्यांना गोड शेवट हवा होता."

"गोडच झालाय."

मागच्या खिडकीतून गच्चीचा जिना दिसत होता. मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. तिनं म्हणावं की ते तुझं आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही, लिहिता लिहिता आपोआप आलं. खोटं असतं तरी मी ते घेतलं असतं, आणि घरी गेले असते, आणि कदाचित चार महिन्यांनी फोनही केला असता.

"मला विचारायचं होतंस," मी म्हटलं.

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो."

"म्हणून नाही विचारलं," मुग्धा म्हणाली. तिच्या आवाजात चेटकीण नव्हती, कसलाच आव नव्हता. आम्ही लहानपणी बघितलेल्या सगळ्या दुष्टांनी आधी धूर केला होता, ढोल वाजवले होते, काय करणार ते नाचून सांगितलं होतं. हिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला होता.

मी निघाले. तिनं मागून हाक मारली, नावानं. मी वळले नाही. त्यानंतर तिचे फोन आले, मी घेतले नाहीत. मग यायचे थांबले.

म्हणून ती गल्ली वर्षभर टाळली होती. आणि आता ती टाकी अशी उघडी पडलेली. ब्रेकरच्या दणक्यानं आणखी एक पोपडा सुटला आणि आत पडला. आवाज घुमला नाही. घुमायला चार भिंती लागतात. मी पदर नाकाला लावून तिथून निघाले.

घरी आले तर आई मटार सोलत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, मूठभर शेंगा ओढून घेतल्या.

"मुग्धाचा बंगला पाडतायत," मी म्हटलं.

"हो का." तिनं एक शेंग सोलली, मग दुसरी. "बऱ्याच दिवसांत आली नाही ती."

"नाही."

"भांडलात."

मी शेंग सोलत राहिले.

"त्या गाण्यावरून," आई म्हणाली.

माझे हात थांबले. तिचे थांबले नाहीत. खाली बघत, अंगठ्यानं दाणे ताटलीत ढकलत ती म्हणाली, "सई म्हणायची तेव्हाच मला कळलं होतं. ए तर आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक होतं? आणि बाकीचं कुणाच्या तोंडचं आहे, ते आईला कळणार नाही का?"

मला वाटलं, आता जमीन दुभंगावी. वर्षभर ही बाई हे घेऊन माझ्यासमोर बसली होती. मी म्हटलं, "आई, मी तेव्हा फार थकले होते. माझ्या मनात बाबांबद्दल काही..."

"त्याचं काही नाही," ती म्हणाली. पहिल्यांदाच तिनं मान वर केली. "मी काय म्हणायचे माहितीये देवापुढे? रोज? तू पेज भरवायला बसलीस की मी देवघरात जायचे. सोडव रे बाबा त्यांना, आणि आम्हालाही. मग घाबरून नाक घासायचे. चाळीस वर्षांचा संसार, आणि मी हे मागतेय. मला वाटायचं, या घरात एवढी पापी मी एकटीच आहे."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता.

"तू डोंगरावर जाऊन तिला सांगितलंस," आई म्हणाली. "मी भिंतीपलीकडे होते."

ती रागावलेली नव्हती, आणि तेच वाईट होतं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. मुग्धाच्या दारातून बाहेर पडताना, त्या गल्लीतून चालताना, माझ्या चेहऱ्यावर तेच असणार. मी मुग्धाला माफ केलेलं नाही, आजही नाही. पण त्या क्षणी मला ती आठवलीसुद्धा नाही.

"आता सांग," आई म्हणाली. तिनं ताटली बाजूला सरकवली आणि हात पदराला पुसले. "सगळं सांग. काय म्हणालीस तिला?"

मी सुरुवात केली. नीट जमत नव्हतं, मधे मधे थांबत होते. आई एकदाही मधे बोलली नाही. कुकर लावायची वेळ टळून गेली तरी ती उठली नाही, आणि मीही तिला उठवलं नाही.